विहारातलं दुसरं वाचन

बाबा अहमदपूर डेपोत कंडक्टर होते आणि घरी आल्यावरही तिकीट टोचायचा चिमटा त्यांच्या हातातून सुटत नसे. विचारात पडले की तो टकटक वाजायचा. माय परातीत भाकरी थापायची, तिची थापथाप, बाबांची टकटक आणि मागच्या बाजूला बसस्टँडच्या भोंग्यातून फलाट क्रमांक सांगणारा तो घोगरा माणूस, या तिघांच्या मधे बसून मी बारावीचा अभ्यास केला. एकदा नव्हे, दोनदा. पहिल्या वेळी ऐन परीक्षेत कावीळ झाली आणि वर्ष गेलं. दुसऱ्या वेळी पेपर चांगले गेले, पण लातूरच्या फार्मसी कॉलेजच्या प्रतीक्षा यादीत माझा नंबर नववा लागला. रिकाम्या राहिलेल्या जागांची शेवटची फेरी तेवढी उरली होती आणि तिची तारीख कॉलेज आपल्या साईटवर जाहीर करणार होतं. ती हुकली तर आणखी एक वर्ष घरात. एक वर्ष मी आजारपणाला दिलं होतं. दुसरं कुणालाही द्यायची माझी तयारी नव्हती.

माय अंगणवाडीत मदतनीस होती. दुपारी ती खिचडीच्या पातेल्याच्या वासासकट घरी यायची आणि संध्याकाळी पुन्हा आमच्यासाठी चुलीपुढं बसायची. ज्वारीची भाकरी, येसराची झणझणीत आमटी, अंबाडीची भाजी, कारळाची चटणी. कावीळ झाल्यापासून मला आमटीवरचा तेलाचा तवंग काढून मिळायचा आणि तो तवंग बाबांच्या वाटीत जायचा. मी बरी होऊन वर्ष उलटलं तरी हा व्यवहार चालूच राहिला, कारण बाबांना तो मानवला होता.

बसस्टँडसमोर पद्माअक्कांचा नेट कॅफे होता. अक्का मूळच्या धर्माबादच्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. नवऱ्याच्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक अरुंद खोली होती, तिथं त्यांनी चार कॉम्प्युटर मांडले होते. मी तिथं जाऊन आधी कॉलेजची साईट उघडायची, काही नवीन आहे का बघायची, मग शेतमालाच्या भावांची, कारण गल्लीतले लोक तुरीचा भाव विचारायचे, आणि मग माझ्या आवडीच्या दहा-बारा. एकेक पान उघडायला इतका वेळ लागे की तेवढ्यात अक्का आत जाऊन फोडणी घालून येत. बहुतेक ठिकाणी नवीन काही नसेच. एक दिवस बाहेर चार माणसं ताटकळत उभी होती, तेव्हा अक्का माझ्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या आणि मला नावानं हाक मारून म्हणाल्या,

"मित्रा, तू रोज येऊन बारा दारं वाजवून राहिलीस. आत कुणी असतं का?"

"कधी असतं, कधी नसतं."

"मग वाजवतीस कशाला? त्यांनाच सांग, काही नवीन केलं तर माझ्या ओट्यावर आणून ठेवा म्हणून."

त्यांनी पानाच्या कोपऱ्यातला नारंगी चौकोन दाखवला. त्या चौकोनाला फीड म्हणतात, तो प्रत्येक साईटवरून उचलायचा आणि फीड रीडर नावाच्या एका पानावर आणून ठेवायचा. मग बारा ठिकाणी जायला नको. कुणी काही नवं लिहिलं की ते आपोआप त्या एका पानावर येऊन बसतं, आणि आपण वाचलं की वाचलेल्यांत जातं. अक्का स्वतः तेलुगू पदार्थांच्या सात साईट अशाच वाचत. पाच मिनिटांत माझी बारा दारं एका ओट्यावर आली. मी तासाचं काम पाव तासात आटोपून उठले आणि बाहेरच्या चौघांतला एक आत आला. अक्कांचा हिशेब पक्का होता.

घरी जाऊन मी बाबांना सांगितलं. बाबा रोज लातूरची फेरी करत आणि त्यांची गाडी कॉलेजच्या दारावरून जाई. लातूरच्या स्टँडवर गाडी अर्धा तास थांबायची. ते म्हणाले, "मी उतरून फळ्यावर बघून येत जातो की. चार पावलं तर हाय."

"नको बाबा. काही आलं की माझ्याकडंच येतंय आता."

"आपोआप?"

"आपोआप."

बाबांना हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवसापासून डेपोत सगळ्यांना माहीत झालं. कॉलेजमधून कंडक्टरच्या पोरीकडं थेट कागद येतो, अशी ती बातमी चाकूरपर्यंत गेली. फळा बघायचं मात्र मीच त्यांना नको म्हटलं होतं, हे इथं नोंदवून ठेवते.

तो वर्षावासाचा काळ होता. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होई, अजूनही होतं. त्रिशरण, पंचशील, मग एक जण वाचणार आणि बाकीच्यांनी ऐकायचं. घरी बसलेली शिकलेली पोरगी म्हणून ते काम माझ्याकडं आलं होतं. अक्का मला रीडरमधलं नवीन सगळं छापून देत आणि घरी नेऊन मी ते निवांत वाचत असे. एकदा त्यातलाच कागद खूण म्हणून ग्रंथात राहिला. पान उघडताना तो खाली पडला.

पुढच्या रांगेत गयाकाकू बसल्या होत्या. आमच्या गल्लीतली सगळ्यांत तिखट म्हातारी. "ते काय पडलं? वाच की ते बी."

"काकू, ते ग्रंथातलं नाही."

"मग शिव्या हायत का त्यात?"

"नाही."

"मग वाच."

कांबळे गुरुजी विहाराचं सगळं बघत. ते निवृत्त शिक्षक, नियमांचे पक्के. त्यांनी क्षणभर विचार करून निकाल दिला: आधी ग्रंथ पूर्ण व्हावा, तो कापडात बांधून जागेवर जावा, शेवटची सरणत्तय गाथा व्हावी, आणि मग वाचणारीनं आसनावरून उठून खाली सतरंजीवर बसून काय ते वाचावं. त्या दिवसापासून आमच्या विहारात दोन वाचनं होऊ लागली. पहिल्याला पंधरा बायका असत. दुसऱ्याला पंचवीस.

सगळ्यांत लाडकी होती परदेशात राहणारी एक सोलापूरकडची बाई. ती आपल्या ब्लॉगवर भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी असलं लिहायची, आणि तिनं तव्यावर भाकरी टाकली की छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायचा. बायका हसून हसून आडव्या होत. "तिला म्हणावं दार उघडं ठेव," असं कुणीतरी दर वेळी सांगेच. मग तुरीचा भाव. तो ऐकून पुरुषांपैकी जे कुणी दाराशी उभे असत ते निघून जात. आणि शेवटी माझ्या कॉलेजच्या सूचना. कॉलेजातल्या संगणकाच्या कुणा उत्साही सरांनी ती साईट ब्लॉगसारखी बनवली होती, त्यामुळं तिथं जे फळ्यावर लागे ते सगळं येई. वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालू नयेत. सायकल स्टँडमध्ये उजव्या पायाची एक चप्पल सापडली आहे, ओळख पटवून न्यावी. मेसमध्ये येणाऱ्या मांजरीस कोणीही दूध घालू नये, आढळल्यास कारवाई होईल. मी हे गाळायला बघायची, पण गयाकाकू गाळू देत नसत. "छापलंय ना? मग वाच. कुणी तरी बसून लिवलंय ते."

चप्पल कुणाची निघाली यावर एक आठवडा चर्चा चालली. डाव्या पायाची एकच चप्पल घालून पोरगं घरी कसं गेलं, हा मायचा प्रश्न होता.

आणि मग भाद्रपद आला, तूर-सोयाबीनचे भाव येत राहिले, सोलापूरच्या बाईनं धपाटे केले, आणि माझ्या कॉलेजकडून काही येईना. मला त्याचं काही वाटलं नाही. नवीन काही नाही म्हणजे फेरी अजून जाहीर झालेली नाही, इतकं साधं गणित. उलट रोज रीडर उघडून तिथं शून्य बघितलं की मी निश्चिंत होऊन उठायची. घरी बाबा चिमटा वाजवत विचारत, "आलं का?" मी म्हणे, "नाही अजून." ते म्हणत, "सावकाश येऊ दे."

एका संध्याकाळी ग्रंथ बांधला गेला, मी खाली सतरंजीवर आले, धपाट्यांचा दुसरा भाग वाचला, भाव वाचले आणि कागदांची घडी घातली.

गयाकाकू हलल्या नाहीत. "आन त्या मांजरीचं काय झालं?"

"कोणती मांजर?"

"तुझ्या कालिजातली. दूध घालू नका म्हणले, कारवाई करू म्हणले. पुढं काय केलं तिचं?"

"पुढं काही आलं नाही, काकू."

"कवापास्नं?"

मी कागद चाळायला लागले. मायच म्हणाली, "पुनवेच्या आधी चपलीचं आलं होतं. मग मांजर. मग काहीच न्हाई."

"म्हणजे पंधरा दिस झाले की," मागून कुणीतरी म्हणालं.

"बघा," गयाकाकू सगळ्यांकडं वळून म्हणाल्या. "दर सोमवारी एक तरी बोंब असायची त्यांची. कपडे वाळवू नका, चप्पल न्या, नळ बंद करा. असली माणसं एकदम गप बसत न्हाईत. बोलायची सवय जात नसती. ह्या पोरीचं कालिज बंद तर पडलं न्हाई?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता थांबले. जे येतं ते मी वाचत होते. जे येत नाही ते मला दिसायला मार्गच नव्हता. ऐकणाऱ्यांना मात्र मांजरीची जागा रिकामी दिसत होती. मी चपला घातल्या आणि बसस्टँडकडं पळत सुटले. मागून माय, तिच्या मागं गयाकाकू आणि निम्मं विहार.

अक्का शटर ओढत होत्या. अर्ध्यावर आलेल्या शटरखालून मी वाकून आत गेले. जुनी साईट उघडली. सगळ्यांत वर मांजर. तिच्या वर काही नाही. अक्कांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि कॉलेजचं नाव टाकून शोध घेतला. एक अगदी नवीन साईट समोर आली. वर प्राचार्यांचा फोटो, खाली सरकणाऱ्या ओळी. कॉलेजनं नवीन घर बांधून सामान हलवलं होतं आणि जुन्या दारावर साधी चिठ्ठीसुद्धा लावली नव्हती. सरकणाऱ्या ओळींत तिसरी ओळ रिक्त जागांच्या फेरीची होती. यादीत चार नावं. तिसरं माझं. मूळ कागदपत्रांसह उद्या दुपारी एकपर्यंत हजर राहावे, अन्यथा जागा पुढील उमेदवारास देण्यात येईल.

"काय लिवलंय?" बाहेरून गयाकाकूंनी विचारलं.

मी मोठ्यानं वाचलं. त्या दिवसाचं ते तिसरं वाचन.

आजकाल लोक मला विचारतात, एवढ्या गोष्टी लक्षात कशा ठेवता. मी नांदेडच्या एका दवाखान्यात औषधभांडार सांभाळते, आणि औषधांबद्दलच्या सूचना, परत मागवलेल्या गोळ्यांच्या याद्या, सगळं अजूनही फीड रीडरमध्येच घेते. माझी मुलगी म्हणते, आई, हे आता कुणी वापरत नाही. नसेल. तिच्या फोनवर फोनला वाटेल ते येतं, माझ्याकडं मी बोलावलेलंच येतं. पण शनिवारी मी एक काम हातानं करते. महिनाभर गप बसलेल्या साईटचं दार स्वतः जाऊन वाजवते. दोनदा त्यात महत्त्वाचं सापडलं आहे.

तर त्या संध्याकाळी. अक्कांच्या नवऱ्यानं झेरॉक्सचं मशीन पुन्हा गरम केलं. माय घरी जाऊन पत्र्याच्या पेटीतून कागदांची फाईल घेऊन आली. गुरुजी मुख्याध्यापकांना जेवणावरून उठवून घेऊन आले आणि त्यांनी झेरॉक्सच्या काउंटरवरच सत्यप्रतींवर सह्या केल्या. फोटो कमी पडले तेव्हा बंद स्टुडिओ उघडायला सांग म्हणून स्टुडिओवाल्याच्या बहिणीलाच कुणीतरी त्याच्याकडं पाठवलं. मला फक्त उभं राहायचं होतं. मी एका जागी उभी होते आणि माझ्याभोवती माझा प्रवेश चालू होता.

बाबा शेवटची फेरी करून आले तेव्हा घरात सगळी गल्ली भरलेली. मायनं सांगितलं. बाबांनी कागद हातात घेतला, वाचला, आणि चिमटा खिशात घातला.

"रोज दारावरून जातो मी त्या," ते म्हणाले.

"बाबा, मीच नको म्हटलं होतं."

"तरी."

"तरी काय? मी नको म्हटलं आन तुम्ही ऐकलं. पुढच्या वेळी ऐकू नका."

ते हसले. "पहिली गाडी माझीच हाय उद्या. समोरची सीट ठेवतो."

समोरच्या सीटवर मी, माय आणि गयाकाकू बसलो. गयाकाकूंना लातूरला डोळे दाखवायचे होते, असं त्यांचं म्हणणं होतं. चाकूर यायच्या आत मायनं धपाटे काढले आणि ते मागच्या दोन रांगांपर्यंत गेले. बाबांनी आमची तिन्ही तिकिटं रीतसर टोचली. गाडीतल्या प्रत्येकाला तोवर कळलं होतं की ही पोरगी एकच्या आत पोचायला हवी. वाटेत एक माणूस हात करून गाडी थांबवायला लागला, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "मागून दुसरी येऊन राहिली, तिच्यात या."

कॉलेजात पोचलो तेव्हा साडेनऊ. कचेरी उघडायची होती. बाकावर एक मुलगी आणि तिचे वडील आधीच बसलेले. उदगीरचे. तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या फाईलकडं. "तुमचं नाव यादीत आहे?" मी हो म्हटलं. ती प्रतीक्षा यादीत पुढची होती. आमच्या चौघांपैकी कुणी न आलं तरच तिला जागा. तिनं सरकून मायला जागा करून दिली. मायनं उरलेला धपाटा तिच्या हातावर ठेवला. दुसरं काय करणार.

कारकुनानं माझे कागद एकेक करून बघितले. "काल संध्याकाळपर्यंत चौघांतलं कुणीच आलं नव्हतं. आम्हाला वाटलं, मुलांना गरज नाही."

"तुम्ही घर बदललं आन कुणाला सांगितलं न्हाई," गयाकाकू म्हणाल्या.

"कोणतं घर?"

"ते जाऊ द्या. ती मांजर कुठं हाय?"

कारकुनानं पेन खाली ठेवलं. त्याला अहमदपूरच्या म्हातारीकडून हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "ती होय. रेकॉर्ड रूममध्ये पिल्लं घातली तिनं. तीन. आता प्राचार्यच घरून दूध आणतात."

गयाकाकूंनी मान डोलावली. डोळे दाखवायचं त्या विसरून गेल्या.

अकरा वाजता माझी पावती झाली. यादीतली आणखी दोन मुलं साडेबारापर्यंत आली. चौथं नाव एक वाजला तरी आलं नाही आणि उदगीरच्या मुलीला आत बोलावलं. तिचे वडील उभे राहिले आणि पुन्हा बसले. पुढं दोन वर्षं ती माझ्या शेजारच्या टेबलावर खलबत्त्यात औषधं घोटत होती. चौथं नाव कुणा मुलाचं होतं, अजून आठवतं. तोही कुठंतरी त्या जुन्या मांजरीकडं बघून निश्चिंत बसला असेल, असं मला वाटतं. त्याच्याकडं विचारणारी गयाकाकू नसेल.

आठवड्यानं मी वसतिगृहात राहायला गेले. निघायच्या आदल्या दिवशी विहारात प्रश्न आला, आता वाचणार कोण. गुरुजींनी पहिलं वाचन स्वतःकडं घेतलं. दुसऱ्या वाचनाला त्यांचा आवाज चालणार नाही, असं बायकांनी स्पष्ट सांगितलं. मग गयाकाकूंनी मायकडं बोट केलं. माय सातवी शिकलेली. अंगणवाडीत मुलांना वाचून दाखवायची, पण मोठ्यांसमोर कधी नाही. "मला न्हाई जमायचं," ती म्हणाली. "आम्हाला कुठं घाई हाय," गयाकाकू म्हणाल्या.

अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. मी सुट्टी काढून आले. खीर होती. पांढऱ्या साड्यांच्या गर्दीत मी पहिल्यांदाच ऐकणाऱ्यांत बसले, मागे, भिंतीला टेकून. गुरुजींनी ग्रंथ बांधून ठेवला. सरणत्तय झालं. माय खाली सतरंजीवर आली. अक्कांनी नवीन साईटचं फीड शोधून रीडरमध्ये टाकलं होतं, आणि छापलेले कागद तिच्या मांडीवर होते. ती ओळीवर बोट ठेवून वाचत होती. लांब शब्द आला की थांबायची, मनात एकदा म्हणायची आणि मग मोठ्यानं. कुणी घाई करत नव्हतं.

"प्रथम वर्षाच्या सर्व... विद्यार्थ्यांनी," माय वाचत होती, "प्रयोगशाळेत... पांढरा कोट... परिधान करूनच यावे. अन्यथा प्रवेश दिला जाणार नाही."

ती थांबली. पंचवीस माना मागं वळल्या.

"घालतीस का?" गयाकाकूंनी विचारलं.

"घालते."

"मग वाच पुढं," त्या मायला म्हणाल्या.